दुसरं बोलावणं

शेडमध्ये त्या सकाळी होतं ते असं: स्टीलच्या दोन टाक्या, प्रत्येकी दोनशे लिटरच्या, एक सेंट्रिफ्यूज, एक फ्रीझ ड्रायर, उणे ऐंशी अंशांचा एक फ्रीझर आणि त्यात विरजणाच्या मूळ कल्चरच्या एकशे चौदा कुप्या, पाकिटं भरायची दोन यंत्रं, त्यातलं एक बंद, वजनकाटे तीन, मास्क आणि टोप्या घातलेल्या सात बायका. बाहेर एक जनरेटर, एक विहीर आणि विहिरीवर वाकलेला एक नारळ. हे सगळं जयसिंगपूर रस्त्याला लागून बारा गुंठ्यांवर उभं होतं. सहामाही मोजणीचं काम माझं होतं आणि मला ते आवडायचं.

कुप्यांचा आकडा लिहीत होते तेवढ्यात दारातून हाक आली.

"राजू, जरा बाहेर ये."

हे आण्णा, म्हणजे बाळगोंडा मगदूम, माझे थोरले चुलते. कारखाना त्यांचा आणि सुकुमार चौगुल्यांचा. आण्णा आत कधी येत नसत. आत यायचं तर स्वतःची पांढरी टोपी काढून आमची जाळीची घालावी लागे, आणि ते त्यांना जमणारं नव्हतं. मी हातमोजे काढून बाहेर गेले. त्यांच्या हातात एक पाकीट होतं, फोडलेलं, पण आतला कागद तसाच घडीत.

"काय आहे?"

"पोस्टानं आलंय."

"हो, पण आहे काय?"

"अगं, पोस्टानं आलंय म्हणतोय मी. पोस्टमन सही घेऊन गेला, वरचं वाचून मीटिंगचं म्हणाला. सुक्यानं मला मीटिंगला पोस्टानं बोलावलंय. त्याच्या घरापासून माझं घर किती लांब?"

"चालत चार मिनिटं."

"मग?"

मी कागद उघडला. कंपनीच्या सभासदांची विशेष सभा, तारीख, वेळ, ठिकाण आणि खाली एकच ठराव: कारखाना, जागा, यंत्रं, फ्रीझरमधल्या कल्चरसकट सगळं बडोद्याच्या एका मोठ्या कंपनीला विकणे. मी दोनदा वाचला. मग आण्णांना वाचून दाखवला.

आण्णा हसले. "जागा विकतोय? माझी?"

"जागा कंपनीची आहे आण्णा."

"आणि कंपनी कुणाची?"

"तुमची, चौगुलेकाकांची आणि थोडी माझी. पण जागा तुमची नाही. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही ती कंपनीच्या नावावर केली आणि बदल्यात शेअर घेतले. शेअर तुमचे. जागा कंपनीची."

"ती कोण एवढी? मी तर कधी बघितली नाही तिला."

"ती दिसत नाही. पण कायद्यानं ती वेगळी व्यक्ती आहे. तिच्या नावावर जमीन असते, ती कोर्टात उभी राहू शकते."

"जेवती का?"

आतून बायकांचं हसू ऐकू आलं. आण्णांनी पाकीट खिशात घातलं. "मी जाणार नाही. आणि मी नसलो तर मीटिंग कशी होते तेच बघतो."

हे ते रागानं म्हणाले नव्हते. आमच्या गावात हे असंच होतं. बस्तीची, म्हणजे जैन मंदिराची, बैठक असो, दूध सोसायटीची असो की भावकीतली वाटणी असो, मोठ्या माणसाला दोन बोलावणी लागत. पहिलं आदल्या दिवशी, घरी येऊन. दुसरं बैठक भरल्यावर: सगळे बसले की त्यातलाच एक जण उठायचा, त्या माणसाच्या घरी जायचा आणि त्याला बरोबर घेऊन यायचा. दुसरं बोलावणं आल्याशिवाय मोठा माणूस घराबाहेर पडत नसे, आणि तो आल्याशिवाय कुणी विषय काढत नसे. एखादा निर्णय कुणाला नको असला तर त्याला भांडावं लागत नसे. तो नुसता घरी बसायचा. माझ्या लहानपणी एका पाणंदीचा वाद असाच कित्येक वर्षं थांबला होता, कारण एक म्हातारे घरी बसले होते.

कंपनीच्या सभाही तशाच होत आल्या होत्या. चौगुले आण्णांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. बी.कॉम. झाल्यावर आण्णांनीच त्यांना दूध सोसायटीत चिकटवलं होतं. कारखान्याची कल्पना चौगुल्यांची, यंत्रांचा पैसा त्यांचा, जागा आण्णांची. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून आले आणि आमच्याच गावातल्या दह्यांतून विरजणाचं एक वाण वेगळं काढलं, ज्याचं दही उन्हाळ्यातही आंबट होत नसे. आमचं सगळं दुकान त्या वाणावर चालायचं. छोट्या डेअऱ्या आमची विरजणाची पाकिटं घेत. पहिल्या दोन वर्षांच्या पगाराऐवजी मला शेअर मिळाले होते. हजार शेअरांपैकी आण्णांचे साडेचारशे, चौगुल्यांचे चारशे एकोणपन्नास, त्यांच्या पत्नी पद्मजावहिनींचा एक आणि माझे शंभर. संचालक म्हणून चौगुले पती-पत्नी. आण्णांना संचालक व्हायचं नव्हतं. रोज सह्या कोण करणार, म्हणाले होते.

नऊ वर्षांत प्रत्येक सभेला चौगुले स्वतः आण्णांना बोलवायला गेले होते. दोन्ही वेळा.

त्या आठवड्यात मी कंपनी कायदा वाचायला घेतला. आधी मला वाटलं होतं की त्यात नुसते शब्दांचे डोंगर असतील. तसं नव्हतं. सुरुवातीला व्याख्या होत्या, आणि एकदा व्याख्या केली की तो शब्द शेवटपर्यंत तोच अर्थ धरून चालत होता. प्रयोगशाळेच्या पुस्तिकेसारखं. नोटीस कशी द्यायची, किती दिवस आधी द्यायची, पोस्टात टाकली की ती पोचली असं कधी मानायचं. बोलावणं हा शब्द कुठंही नव्हता.

मग मी आमच्या कंपनीची नियमावली काढली. सभेला गणपूर्ती दोन सभासदांची. कारखाना विकायला विशेष ठराव. विशेष ठराव म्हणजे बाजूची मतं विरोधी मतांच्या निदान तिप्पट हवीत. आणि मोजायची ती फक्त पडलेली मतं.

शेवटच्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले.

संध्याकाळी आण्णांच्या सोप्यात गेले. काकू भुईमुगाच्या शेंगा निवडत होत्या. मी त्यांच्या सुपातून वीस शेंगा घेतल्या आणि फरशीवर मांडल्या.

"एक शेंग म्हणजे पन्नास मतं. या नऊ तुमच्या. या नऊ चौगुल्यांच्या, वहिनींचं एक मत धरून. या दोन माझ्या."

"बरं."

"तुम्ही आलात तर बाजूनं नऊ, विरुद्ध अकरा. ठराव पडला."

"मग झालं की."

"तुम्ही आला नाहीत तर..." मी त्यांच्या नऊ शेंगा बाजूला सारल्या. "बाजूनं नऊ, विरुद्ध दोन. दोनाची तिप्पट सहा. ठराव पास."

"आणि माझ्या या नऊ?"

"त्या नाहीतच."

आण्णांनी बाजूला सारलेल्यांतली एक शेंग उचलली, फोडली आणि दाणे तोंडात टाकले. "हायेत की."

काकू हसल्या. मी हसले नाही. "आण्णा, गैरहजर राहणं म्हणजे विरोध नाही. कायद्यात गैरहजर माणूस म्हणजे काहीच नाही. भागाकारात तो खालीही येत नाही आणि वरही येत नाही."

"तुझा कायदा कुठला?"

"दिल्लीचा."

"आणि मीटिंग कुठं हाय?"

"शेडमध्ये."

"मग?"

"दुसऱ्याला मत द्यायचा अधिकार देता येतो. एक फॉर्म आहे. सभेच्या अठ्ठेचाळीस तास आधी जमा करायचा. तुम्ही फक्त सही करा, मी तुमच्या वतीनं मत देते."

आण्णांचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. "म्हणजे सुक्यानं मला बोलवायचं नाही, आणि मी माझ्या पोरीच्या हातनं चिठ्ठी पाठवायची? की माझं तेवढं ऐका म्हणून?"

"चिठ्ठी नाही आण्णा, मत."

"सुक्या येईल," ते म्हणाले. "नऊ वर्षं येतोय. डोकं फिरलंय त्याचं थोडं, बडोद्याच्या लोकांनी फिरवलंय. आदल्या दिवशी येईल. आला की मी येणार, आणि तिथंच त्याला विचारणार, काय रे, कुणाची विहीर विकतोस? माझ्यासमोर त्याचं तोंड उघडणार नाही."

हे मलाही खरं वाटलं. मी चौगुल्यांना आण्णांसमोर कधी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

आदल्या दिवशी दुपारपर्यंत कुणी आलं नाही, तेव्हा मी चौगुल्यांना फोन केला. "काका, आण्णांकडे जाऊन आलात का?"

"नोटीस पोचली ना त्यांना?"

"पोचली. पण बोलावणं..."

"बघतो," ते म्हणाले.

ते गेले नाहीत.

सभा सकाळी अकराला होती. शेडच्या कोपऱ्यातल्या ऑफिसात टेबलाभोवती खुर्च्या मांडलेल्या होत्या. चौगुले इस्त्रीच्या शर्टात बसले होते, समोर हजेरीचं रजिस्टर. शेजारी पद्मजावहिनी, मांडीवर पर्स. त्यांनी थर्मासमधून चहा आणला होता. मी सही केली.

"गणपूर्ती आहे," चौगुले म्हणाले. "सुरू करू?"

"आण्णा यायचेत."

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. "अर्धा तास थांबू. उगाच कुणी काही म्हणायला नको."

वहिनींनी चहा ओतला. काचेपलीकडं बायका पाकिटं भरत होत्या. त्यांना सभा आहे एवढंच माहीत होतं. मी बाहेर जाऊन काकूंना फोन लावला.

"काकू, आण्णा निघाले का?"

"कुठले निघतात. सकाळपासून कडक टोपी घालून सोप्यात बसलेत. चपला पायात हायेत. कुणी येतंय का बघतायत."

"त्यांना द्या."

आण्णा फोनवर आले. "जमले का सगळे?"

"जमले आण्णा. तुमची वाट बघतोय. या."

"कोण म्हणालं, या म्हणून?"

"मी म्हणते."

"तू घरची. घरच्यानं घरच्याला बोलवायचं नसतं. सुक्याला पाठव."

"ते येणार नाहीत असं वाटतंय."

"न येऊन जातोय कुठं, येईल की," ते म्हणाले आणि फोन काकूंकडं दिला.

मी फोन चालू ठेवूनच आत गेले. "काका, ते तयार होऊन बसलेत. तुम्ही जाऊसुद्धा नका. फोनवर एवढंच म्हणा, आण्णा, या. दोन शब्द."

मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, पडद्यावरचं नाव पाहिलं, बंद केला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"नोटीस दिलेली आहे," ते म्हणाले. "रजिस्टर पोस्टानं. पोचल्याची सही आहे. आणखी काय पाहिजे कायद्याला?"

"कायद्याला नाही. त्यांना."

"तेच सांगतोय."

मला त्या क्षणी ते पूर्ण समजलं नाही. मला वाटत होतं की ते टाळतायत, लाजतायत. मी म्हणाले, "तुम्ही गेला नाहीत तर ते येणार नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"राजमती, तू हुशार मुलगी आहेस." त्यांनी कप खाली ठेवला. "मी गेलो असतो तर ते आले असते, हे मला माहीत आहे. म्हणून नोटीस पोस्टानं टाकली. तिला स्वतः तिकीट लावलं."

वहिनी पर्सच्या बंदाशी चाळा करत होत्या.

"त्यांची जागा आहे काका."

"होती. आणि यंत्रं माझी होती. आता दोन्ही कंपनीची. मी काही चोरलंय का? एक ओळ दाखव, कुठं चुकलोय ते. तू वाचलायस ना कायदा? परवा सी.ए. सांगत होता, तू फोन करून विचारत होतीस."

मी एक ओळ दाखवू शकले नाही. शोधली होती.

"नऊ वर्षं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा वर गेला. "वर्षातून निदान दोनदा. मी उंबऱ्याबाहेर उन्हात उभा. आत ते जेवतायत, जेवण झालं की सुपारी, सुपारी झाली की टोपी शोधायची. काकू पाणी देणार, बस म्हणणार, पण ते म्हणेपर्यंत बसायचं नाही. कंपनीचा मॅनेजिंग डायरेक्टर आहे मी. बँकेचा साहेब इथं येऊन बसला होता एकदा, आणि मी त्याला सोडून आण्णांना आणायला गेलो. परत आलो तेव्हा साहेब विचारतो, चेअरमन कोण, तुम्ही की ते?"

"मग हे त्यांना तोंडावर सांगायचं."

"त्यांच्या तोंडावर? तू सांगितलंस कधी काही?"

मी शेंगा मांडल्या होत्या.

वहिनी एकदम म्हणाल्या, "जाऊन येऊ का मी? पाच मिनिटं लागतील. मी बोलावलं तरी येतील ते."

मी वहिनींकडं पाहिलं आणि माझ्या डोक्यात आकडे फिरले. खोलीत सभासद तीन. वहिनी उठल्या आणि त्यांच्याबरोबर मीही उठले, तर उरतो एक. एका माणसाची सभा होत नाही. सभा आठवडाभर पुढं जाते. आठवडा पुरे होता; आठवड्यात मी आण्णांना खांद्यावर घालून आणलं असतं.

"चला वहिनी," मी म्हणाले. "मी गाडी काढते."

वहिनी उठल्या. पर्स खांद्याला लावली. त्या दारापर्यंत आल्यासुद्धा. त्यांच्या मुलीच्या बारशात आण्णांनी पहिलं नाव पुकारलं होतं. त्या घरात जायला त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती.

"पद्मा," चौगुले म्हणाले. एवढंच.

वहिनी तशाच उभ्या राहिल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ऑस्ट्रेलियाला जायचंय आम्हाला. पोरीकडं. हे दुकान किती दिवस ओढायचं?" आणि परत जाऊन बसल्या. पर्स पुन्हा मांडीवर.

मी दारात उभी होते. मी गेले असते तर ते दोघं राहिले असते, आणि दोन म्हणजे गणपूर्ती. माझी शंभर मतंही आण्णांच्या मतांसारखी कुठंच राहिली नसती. मी खुर्चीत बसले.

अर्धा तास झाल्यावर चौगुल्यांनी ठराव वाचला. सावकाश वाचला, एकही शब्द न गाळता. कारखाना, जागा, विहीर, यंत्रं, कल्चर.

"कल्चर मी काढलंय," मी म्हणाले. "तुम्ही त्याची एक कुपी मला देऊ शकता का?"

"मी कोण देणारा? कंपनीचं आहे. आणि तू कंपनीची नोकर असताना काढलंस." त्यांच्या आवाजात खुन्नस नव्हती. "तुझ्या शंभर शेअरांचे पैसे मिळतील तुला. चांगले मिळतील."

"या सात बायकांचं काय?"

"तीन महिन्यांचा पगार. तो मी घालायला लावलाय करारात. ठराव मांडतोय. बाजूनं कोण?"

त्यांनी हात वर केला. वहिनींनी केला.

"विरुद्ध?"

मी हात वर केला.

मी तो तसाच वर ठेवून हिशेब केला. हात वर करून मतदान होतं तेव्हा शेअर मोजत नाहीत, माणसं मोजतात. बाजूनं दोन, विरुद्ध एक. एकाची तिप्पट तीन. दोन म्हणजे तीन नव्हेत.

"ठराव पडला," मी म्हणाले.

वहिनींनी नवऱ्याकडं पाहिलं. क्षणभर चौगुल्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि मला वाटलं की हे त्यांना ठाऊक नसावं. बाहेर पाकिटांचं यंत्र ठराविक ठेक्यात चाललं होतं. मला आण्णा दिसले: सोप्यात, टोपी घालून, चपला घालून. मला वाटलं, आता धावत जाऊन सांगावं, की तुम्ही न येताही थांबलं.

चौगुल्यांनी फाईलमधून तीन कोऱ्या चिठ्ठ्या काढल्या. त्या आधीच कापून ठेवलेल्या होत्या.

"निकाल मी जाहीर केलेला नाही," ते म्हणाले. "अध्यक्ष म्हणून मी शेअरप्रमाणे मतदान मागतो. तो अधिकार कलमात आहे. बघायचं असेल तर बघ."

मला बघायची गरज नव्हती. मी ते कलम वाचलेलं होतं. पेन एकच होतं. आधी वहिनींनी लिहिलं, मग चौगुल्यांनी, मग मी.

त्यांनी चिठ्ठ्या उघडून टेबलावर ओळीनं ठेवल्या, बेरीज केली आणि बेरीज तपासायला कागद माझ्याकडं सरकवला. मी तपासली. बरोबर होती.

एकूण शेअर एक हजार. पडलेली मतं पाचशे पन्नास. बाजूनं चारशे पन्नास, विरुद्ध शंभर; लागत होती तीनशे. ८१.८ टक्के.